अक्षयनीवी

रात्रशाळेच्या फळ्यावर मी चार रकाने आखले:
राज्य. व्यापार. समाज. धर्म.
परीक्षेला टिपा येतात, चार-चार गुणांच्या,
म्हणून सगळ्या जगाचा इतिहास
मिसळणाच्या डब्यासारखा वाट्यावाट्यांत भरायचा.
सातपूरहून पाळी संपवून आलेली पोरं,
नखांत कारखान्याचं तेल,
रोमचं साम्राज्य उतरवून घेता घेता
पेनावरच पेंगायची.

मग एका रविवारी त्यांना पांडवलेण्यांवर नेलं.
खाली आग्रा रोड गुरगुरत होता.
मुश्ताक मोमीन अर्ध्या पायऱ्यांवर थांबून म्हणाला,
सर, वरती टिपा नाहीत ना?

दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत
भिंतीवर अक्षरं आहेत,
लांबून बघितली तर गुळाकडे निघालेल्या मुंग्या.
मी वाचून दाखवलं. म्हणजे खरं तर पाठ होतं ते म्हटलं:
राजाच्या जावयानं हे लेणं संघाला दिलं
आणि गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे
तीन हजार कार्षापण ठेवले.
दोन हजार एकीकडे, शेकडा एक दरमहा,
हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण.
मुद्दल कधी परत मागायचं नाही,
व्याज तेवढं घ्यायचं.
त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी
वर्षाला बारा-बारा.
निगमसभेत वाचलं, दप्तरी नोंदलं.

मुश्ताकनं मोबाइल काढला.
दोन हजाराचे महिन्याला वीस,
वर्षाचे दोनशे चाळीस.
वीस गुणिले बारा…
जुळलं की ओ सर!
एकोणीसशे वर्षांनी कुणीतरी हिशोब तपासला
आणि तो बरोबर निघाला,
याचा त्याला इतका आनंद
की शेजारचं सहलीचं कुटुंब वळून बघायला लागलं.

ह्या ठेवीला म्हणायचे अक्षयनीवी, मी सांगितलं.
नीवी म्हणजे भांडवल.
आणि नीवी म्हणजे कमरेची, नेसूची गाठसुद्धा.
टोमॅटोच्या आडतीवर पावत्या फाडणारी सुगंधा फसाळे
तोंडाला ओढणी लावून हसली:
आमची आत्या नोटा तिथंच तर खोसती.

हसून झाल्यावर मुश्ताक परत भिंतीपाशी गेला.
विणकरांची नावं कुठंयत?
जावयाचं आहे, सासऱ्याचं आहे,
जावयाच्या बायकोचंही आहे, आतल्या खोलीच्या दारावर.
विणकर? मी शोधल्यासारखं केलं.
श्रेणी, एवढंच लिहिलंय बाबा.
तो म्हणाला, येवल्याला आमचे अब्बा
पैठणीच्या काठात, शेवटच्या बोटभरात,
एक धागा हिरवा सोडायचे.
गिऱ्हाइकाला दिसत नाही.
लग्नात कुणी नेसून आली
तर आम्हाला लांबूनच कळतं, ही आपली.

उतरताना सुगंधानं विचारलं,
आणि व्याज बंद कधी झालं?
दगडावर तर कायमचं म्हणून लिहिलंय.
बंद झाल्याची तारीख कुणी कोरत नाही.
एखाद्या पावसाळ्याच्या तोंडाला
श्रेणीचा कुणी म्हातारा ही टेकडी चढून आला असेल,
रिकाम्या पिशवीची घडी घालत,
किंवा आलाच नसेल,
आणि वीसजण वाटेकडे बघत
जुनीच चीवरं शिवत बसले असतील.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, सर?
मी म्हटलं, खाली जाऊन रस प्या आधी.

मार्चमध्ये पेपर तपासायला बसलो.
टीप लिहा: श्रेणी.
बाकीच्यांनी पुस्तकातली व्याख्या उतरवलेली,
दोघांनी तर स्पेलिंगच्या चुकांसकट एकमेकांची.
मुश्ताकनं लिहिलं होतं:
'ज्यांच्याकडे राजघराण्यानं पैसे ठेवले
पण ज्यांची नावं विचारली नाहीत,
अशा लोकांच्या समूहास श्रेणी असे म्हणतात.'
नमुना उत्तरात हे बसत नव्हतं.
दोन दिले. खोडून साडेतीन केले.
मग दिव्याखाली नीट धरलं तेव्हा दिसलं,
सगळं उत्तर निळ्या शाईत,
शेवटच्या ओळीतला एकच शब्द
हिरव्या.